पाय नसलेली गाडी

कोकणात राहणाऱ्या माणसाच्या घरी पादत्राणांचाही एक ऋतुसंहार असतो. मे महिन्याच्या अखेरीस चामड्याच्या वहाणा पुसून, तेलाचा हात फिरवून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात, आणि रबरी पावसाळी चपला खाली उतरतात. दसऱ्याच्या सुमारास हाच विधी उलट क्रमाने होतो. ज्या मनुष्यास स्वतःच्या पायांविषयी एवढी अक्कल आहे, त्याने आपल्या गाडीच्या पायांचा विचार उभ्या आयुष्यात एकदाही करू नये, हे नवल होय. ते नवल आम्ही स्वतः करून दाखविले आहे. म्हणूनच प्रस्तुत विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो, असे आम्ही समजतो.

आमची गाडी आम्ही २०२३ साली घेतली, ती कोरी नव्हे. मुंबईच्या एका सद्गृहस्थांनी ती सहा वर्षे मोठ्या निगुतीने, म्हणजे बहुतेक काळ इमारतीच्या तळघरात झाकून, सांभाळली होती. परदेशी बनावटीची, उंच, ऐसपैस, बसल्याबरोबर माणसास आपण कोणीतरी आहोत असे वाटायला लावणारी ती गाडी कोरी घेण्याची आमची ऐपत नव्हती. सहा वर्षांची झाल्यावर ती आमच्या आटोक्यात आली. तिचा मुख्य गुण म्हणजे इंजिनाचे बळ चारही चाकांना पोहोचते. 'ऑल-व्हील-ड्राइव्ह' हे तीन शब्द आम्ही त्या वर्षी जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा देवाचे नाव घेतले असते तर पदरी थोडे पुण्य तरी पडले असते. आमच्या या मोहाला सबळ कारणही होते. ज्या महामार्गावर आमचे नागोठणे वसले आहे, त्याच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली हाती घेतले गेले आणि एक तप उलटून गेले तरी रेंगाळतच राहिले. त्या अवधीत आमच्या जुन्या छोट्या गाडीची हाडे खिळखिळी झाली. तेव्हा खड्डा, चिखल, पाणी या तिन्ही शत्रूंवर एकदमच चाल करून जाणारे वाहन घ्यावे, असे आम्ही मनाशी ठरविले.

गाडी घेताना आम्ही सर्व काही पाहिले. इंजिन पाहिले, बैठका पाहिल्या, आरसे आपोआप मिटतात ते दोनदा मिटवून पाहिले. टायरांकडेही दृष्टिक्षेप केला. ते काळेभोर आणि तुकतुकीत होते; खाचांत नखही पुरते बुडत होते. सहा वर्षांत गाडी फारशी फिरलीच नव्हती, मग टायर झिजणार कसे? हा तर आपला फायदाच झाला, असे वाटून आम्ही मनातल्या मनात हर्षित झालो.

२०२४ सालच्या जूनचा तो दुसरा आठवडा. कोलाडहून आम्ही सायंकाळी परतत होतो. बरोबर सौ. होत्या आणि मागे आमची सात वर्षांची नात झोपाळू डोळ्यांनी काचेवरचे थेंब मोजीत होती. सुकेळी खिंडीत पावसाची पहिली जोराची सर आली. पहिल्या सरीचा रस्ता हा भर आषाढातल्या रस्त्याहून घातकी असतो. आठ महिन्यांची धूळ, सांडलेले तेल आणि झिजलेल्या रबराची भुकटी यांचे पाण्यात कालवण होऊन डांबरावर त्याचा एक गुळगुळीत लेप बसतो, आणि तो वाहून जायला दोन-चार चांगल्या सरी पडाव्या लागतात. हे ज्ञान आम्हांस होते. परंतु चारही चाके खेचणाऱ्या गाडीत बसलेल्या मनुष्याला असल्या ज्ञानाची गरज काय? आम्ही उतारावर साठाच्या वेगाने येत होतो.

वळणाच्या पुढे रस्त्याच्या कडेने एक कातकरी बाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. समोरून येणाऱ्या ट्रकामुळे ती थोडी आत सरली. आम्ही ब्रेक दाबला. ब्रेकने आपले काम केले. पायाखाली त्याची धडधड आम्हांस स्पष्ट जाणवत होती. पण गाडी थांबेना. ती सावकाश, जणू काही आपल्याच विचारात गढून, पुढे सरकत राहिली. त्या तीन-चार सेकंदांत आमच्या हातात सुकाणू होते, पायाखाली ब्रेक होता, बुडाखाली चार चाकांचे बळ होते, आणि यांपैकी कशाचाही काही उपयोग नव्हता. बाईपासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. बाई दचकून मागे झाली, तिची टोपली पडली आणि शेवळांच्या जुड्या रस्ताभर विखुरल्या.

आम्ही खाली उतरलो. आमचे पाय कापत होते. बाईस लागले मात्र काही नव्हते. तिने एकदा आमच्याकडे, एकदा गाडीकडे पाहिले आणि रागाने नव्हे, तर खरोखरीच्या कुतूहलाने विचारले, "शेठ, येवढी मोठी गाडी, आन् हिला पाय नाय?"

आम्ही निरुत्तर झालो. जुड्या गोळा करू लागलो. खिशातून पाचशेची नोट काढून पुढे केली, तेव्हा तिने ती घेतली खरी, पण ओल्याचिंब झालेल्या सगळ्या जुड्या टोपलीसकट आमच्या गाडीत ठेवल्या आणि टोपली रिकामी करून मागितली. फुकटचे पैसे घेण्याची तिची तयारी नव्हती. मग ती त्याच निसरड्या रस्त्यावरून, अनवाणी, एकदाही न घसरता निघून गेली. त्या रात्री घरी शेवळांची भाजी झाली. सौ.नी काकडे घालून ती रीतीप्रमाणे केली होती, तिला खाज मुळीच नव्हती; तरीही आमच्या घशाखाली ती सुखाने उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरवाल्याकडे गेलो. तो तरुण मुलगा. त्याने खाचांकडे पाहिलेसुद्धा नाही. टायरच्या बाहेरच्या कडेवर एका लंबवर्तुळात चार आकडे असतात, ते त्याने ओल्या फडक्याने पुसून आम्हांस दाखविले: २३१७. "काका, ही याची जन्मपत्रिका. २०१७ सालचा २३वा आठवडा. सात वर्षं झाली." मग त्याने अंगठ्याचे नख रबरात रुतविण्याचा प्रयत्न केला. नख रुतले नाही. "बघा, कातळ झालाय. खाचा नव्या आहेत, पण रबर म्हातारं झालंय." हवेतील प्राणवायू आणि उष्णता यांच्या योगाने रबर, ते वापरा अगर न वापरा, वर्षागणिक कठीण होत जाते, तळघरात झाकून ठेवल्याने त्याचे वय थांबत नाही. कायदा म्हणतो की मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ होता कामा नये. आमच्या खाचा त्याच्या चौपट खोल होत्या. कायद्याने आम्ही निर्दोष होतो. त्या बाईचे हातभर अंतर मात्र कायद्याच्या हिशेबात कोठेच नव्हते.

नंतरचे काही दिवस आम्ही या विषयाचा विद्यार्थ्यासारखा अभ्यास केला. त्यातून पहिली गोष्ट कळली ती अशी की, दोन टनांची ही थोरली गाडी रस्त्याला टेकते ती केवळ चार ठिकाणी, आणि त्यांपैकी प्रत्येक जागा माणसाच्या तळहाताहून फारशी मोठी नसते. वेग घेणे, वळणे, थांबणे, हे सारे व्यवहार त्या चार तळहातांच्या जोरावर चालतात. दुसरी गोष्ट अधिक झोंबणारी होती. चारही चाकांना बळ पोहोचविणारी यंत्रणा गाडीला चिखलातून निघायला, चढ चढायला मदत करते. थांबायला ती काडीचीही मदत करीत नाही. ब्रेक चारही चाकांना असतात ते शेजाऱ्याच्या स्वस्तातल्या छोट्या गाडीलाही. उलट या गाडीचे वजन जास्त, आणि तिच्यातून वेगाची जाणीव होत नाही, म्हणून तिचा धनी अधिक वेगाने जातो; आणि वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागते. आम्ही पाऊस जिंकण्यासाठी जे विकत घेतले होते, ते जाण्याचे सामर्थ्य होते. थांबण्याचे सामर्थ्य वेगळेच विकत घ्यावे लागते, आणि ते रबराच्या दुकानात मिळते.

आमचे कनिष्ठ बंधू पंचवीस वर्षे मॉन्ट्रियलला आहेत. त्यांचीही गाडी याच जातीची. हकिकत ऐकून ते म्हणाले, "दादा, इथे तर प्रत्येकाकडे टायरांचे दोन संच असतात. उन्हाळी वेगळे, हिवाळी वेगळे." त्यांच्या क्वेबेक प्रांताने २००८ साली हा नियमच केला, आता तेथे १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिवाळी टायरांवाचून मोटार रस्त्यावर आणता येत नाही. या टायरांचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते, त्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात आणि कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमाचा कण अशी मुद्रा असते. कारण असे की, तापमान सुमारे सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर आखडते आणि रस्ता धरीनासे होते. हे ऐकताच आमच्या ध्यानात आले की, तिकडे टायरला जी अवकळा सात अंशांची थंडी आणते, तीच आमच्या टायरला सात वर्षांच्या वयाने आणली होती.

बंधूंचा उपदेश ऐकून प्रथम आमच्या मनात आले की, आपणही दोन संच बाळगावेत. एक उन्हाळ्याचा, एक पावसाळ्याचा, वहाणांसारखे! आणि मऊ रबर चांगले धरते, तर मग हिवाळी टायरच आणवून पावसाळ्यात का लावू नयेत? पण थोड्याच विचाराने ही कल्पना ढासळली. नागोठण्यात पारा सात अंशांपर्यंत उतरल्याचे आमच्या आठवणीत नाही. आमचा पाऊस हा थंड देशाचा पाऊस नव्हे. तो उबदार आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पडणारा, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळणारा. अशा हवेत हिवाळी टायर लोण्यासारखा लिबलिबतो, लवकर झिजतो आणि उबदार ओल्या डांबरावर उन्हाळी टायरपेक्षा उशिरा थांबतो. मौज अशी की, युरोपात ज्याला 'उन्हाळी' म्हणतात, तोच टायर आमचा खरा पावसाळी टायर होय. आपल्या तीन ऋतूंना त्याचा एकच संच पुरतो. मात्र तो निवडताना उन्हाळ्याकडे पाहून नव्हे, तर पावसाळ्याकडे पाहून निवडावा लागतो.

तसा टायर ओळखावा कसा? भरपूर पाऊस असताना टायरला प्रतिसेकंद कित्येक लिटर पाणी खाचांतून बाजूस सारावे लागते. ते साधले नाही की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पदर शिरतो व गाडी त्यावर तरंगू लागते. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून असे दाखविले की, हा तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे हवा कमी तर संकट लवकर. तेव्हा लांबच लांब रुंद उभ्या खाचा असलेला, रबरात सिलिकाचा भरणा असलेला टायर घ्यावा. सिलिका म्हणजे वाळूचेच रासायनिक रूप; काजळीच्या जोडीला ते रबरात मिसळले की ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते. युरोपात २०१२ पासून प्रत्येक टायरवर ओल्या पकडीची प्रत अक्षराने छापलेली असते, आणि आपल्या सरकारनेही २०२२ साली ओल्या पकडीची किमान मर्यादा ठरविणारा नियम केला आहे.

या अभ्यासात दोन मोह आडवे आले. पहिला मोह जाड गाठींच्या, जंगलात जाणाऱ्या टायरांचा. ते लावले की गाडी शिकारीस निघालेल्या संस्थानिकासारखी दिसते. परंतु त्या गाठी मऊ चिखलासाठी असतात. ओल्या डांबरावर त्यांचा रस्त्याशी संबंध कमी येतो आणि त्या उशिरा थांबतात. आमच्या शंभर फेऱ्यांपैकी नव्व्याण्णव डांबरावर आणि काँक्रीटवर होतात. एका फेरीच्या ऐटीसाठी नव्व्याण्णव फेऱ्या धोक्यात घालणे आम्हांस शोभणारे नव्हते. दुसरा मोह होता गाडीबरोबर आलेल्या वीस इंची रुंद चाकांचा. ती दिसायला देखणी, पण त्यांच्या भोवती रबराची पट्टी बोटभर. खड्ड्यात आपटले की चाकाची कड वाकते. गाडीच्या पुस्तकात अठरा इंची चाकांनाही मान्यता होती. ती घेतली, तर रबराची उंची वाढून खड्ड्याचा धक्का टायरच सोसतो, आणि टायर थोडा अरुंद असल्याने पाणीही बरे कापतो. गाडीचे रूप काहीसे साधे झाले, हे कबूल केले पाहिजे. शेजाऱ्यांनी ते आमच्या नजरेस आणून देण्यात कसूर केली नाही.

मग किंमत निघाली. चार टायर व जुनी चाके मिळून रक्कम पाऊण लाखाच्या पुढे गेली. मध्यमवर्गीय मनुष्याची बुद्धी अशा प्रसंगी भलतीच तल्लख होते. आम्ही म्हणालो, "यंदा दोनच बदलू, दोन पुढल्या वर्षी." टायरवाल्या मुलाने मान हलविली. चारही चाके जोडलेल्या गाडीत चारही टायरांचा घेर सारखा असावा लागतो. एक जोडी नवी, एक झिजकी, असे झाले की मोठे चाक सावकाश फिरते, लहान चाक लवकर, आणि हा फरक सोसता सोसता मधली दातेरी यंत्रणा तापून खराब होते. "काका, या गाडीला चार पाय एकदमच द्यायला लागतात," तो म्हणाला. आदल्या दिवशीची ती बाई आणि हा मुलगा यांनी एकमेकांस पाहिलेही नसेल. पण दोघांच्या तोंडी एकच शब्द होता. आम्ही पैसे मोजले.

घरी परतताना आम्हांस आमच्या लहानपणचा लोहार आठवला. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तो लोखंडी धाव चढवीत असे. धाव भट्टीत लाल करून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. ती आक्रसून लाकडाला घट्ट आवळून धरी. चैत्र-वैशाखात लाकूड सुकून धाव सैल पडू लागली, की शहाणा गाडीवान रात्री चाके पाण्यात भिजत ठेवी. रबराची धाव त्या मानाने अगदी अलीकडची. थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले, ते लोक विसरून गेले, आणि १८८८ साली डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधून काढली. तेव्हापासून धाव इतकी मऊ आणि मुकी झाली की आपण तिला विसरूनच गेलो. जुना गाडीवान मात्र तिला विसरू शकत नसे. ती रस्ताभर खडखडून त्याला आपल्या प्रकृतीची वार्ता सांगे.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे की, टायर कितीही उत्तम घेतला तरी काही पाणी त्याच्यासाठी नसते. आमच्या गावाशेजारून अंबा नदी वाहते. तिच्यावरचा निजामशाही अमदानीतला जुना दगडी पूल आम्हांस तिच्या शांत रूपाची आठवण देतो. पण १९८९ च्या जुलैत याच अंबेने वरच्या अंगाला जांभुळपाड्यात घरेदारे आणि माणसे ओढून नेली. रस्त्यावर गुडघाभर वाहते पाणी आले की थोरली गाडीसुद्धा हलकी होते, आणि तरंगणाऱ्या चाकाला पकड कसली? अशा वेळी पाणी उतरेपर्यंत अलीकडे थांबणे, एवढा एकच उपाय आहे. थांबण्याचा हाही एक प्रकार आहे, आणि तो रबराच्या दुकानात मिळत नाही.

२०२५ साली पावसाने मृग नक्षत्राची वाट पाहिली नाही. २६ मे रोजी तो मुंबईत दाखल झाला. माळ्यावरच्या पावसाळी चपला उतरविण्याचीही सवड कोणास मिळाली नाही. गाडीचे पाय मात्र तयार होते. सकाळी थंड टायरांत हवा मोजून आम्ही कोलाडला गेलो आणि सायंकाळी सुकेळी खिंडीत तसाच पाऊस लागला. या खेपेस आम्ही चाळिसाने येत होतो. वळणावर एक एस. टी. अचानक थांबली, आम्ही ब्रेक दाबला, आणि गाडी जमिनीला धरून, मध्ये चांगली दोन गाड्यांची जागा ठेवून उभी राहिली. मागून नात म्हणाली, "आजोबा, आता थांबली!" आम्हांस वाटत होते की तिला गेल्या वर्षीचे काही आठवत नसेल.

खिंड उतरल्यावर रस्त्याच्या कडेला दोन बाया शेवळे घेऊन बसल्या होत्या. आम्ही गाडी उभी करून निरखून पाहिले. ती त्यांत नव्हती. तिचे नाव आम्ही विचारले नव्हते, म्हणून चौकशी करणेही शक्य नव्हते. चार जुड्या घेतल्या आणि घरी आलो. तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी आता तयार आहे. आणि दरवर्षी पहिला पाऊस पडला की त्या वळणावर आम्ही तिला शोधीत असतो.